पोथीने दुखणे हलके होते का?

घरात मोठे आजारपण आले, मूल गेले, लग्न मोडले किंवा धंदा बुडाला की मराठी घरात दोन सल्ले हमखास येतात. एक डॉक्टरच्या नावाचा आणि दुसरा पोथीच्या. कोणी गुरुचरित्राचा सप्ताह करायला सांगते, कोणी ‘गजानन विजय’चे पारायण, कोणी रोज संध्याकाळी हरिपाठ. शेजारच्या ख्रिस्ती घरात स्तोत्रसंहिता उघडली जाते, मुस्लिम घरात सूरह यासीन पढली जाते, बौद्ध घरात वंदना होते. सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नसते. ऐकणाऱ्यांत मात्र दोन तट पडतात. एकाला वाटते, पोथीने सगळे ठीक होते. दुसऱ्याला वाटते, हा निव्वळ मनाचा खेळ आहे.

गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नावर जगभर बरेच संशोधन झाले आहे, आणि आपल्याकडे तर अनुभवाचा साठा शतकांचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की उत्तर कोणत्याच तटाच्या सोयीचे निघत नाही. धार्मिक वाचनाने माणसे सावरतात, हे खरे आहे. पण त्यामागची कारणे फलश्रुतीत सांगितलेल्या कारणांहून वेगळी आहेत. आणि तेच वाचन चुकीच्या रीतीने हाती पडले तर माणसाला आणखी खोल लोटू शकते.

वाचून सावरलेली माणसे

सुरुवात तुकोबांपासून करणे भाग आहे. सन १६३० च्या आगेमागे दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचे दिवाळे निघाले. पुढे काय केले, हे ते आत्मपर अभंगात सांगतात. गावचे मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करायला घेतले. एकादशीला कीर्तन सुरू केले. आरंभी चित्त लागत नव्हते, म्हणून आधीच्या संतांची वचने आदराने पाठ केली. स्वतःचे शब्द त्यानंतर आले. हा क्रम नीट पाहावा. आधी हातांना काम, मग ठरावीक दिवसाचा नेम, मग दुसऱ्या कोणी आधी भोगून लिहिलेले शब्द, आणि शेवटी स्वतःची वाणी. नैराश्यावरच्या आजच्या उपचारांतही उमेद परत येण्याची वाट न पाहता छोट्या, ठरलेल्या कामांपासून सुरुवात करायला सांगतात. तुकोबांनीही मन लागण्याची वाट पाहिली नव्हती.

त्यांच्याच काळातल्या संत बहिणाबाईंची गोष्ट अधिक बोचरी आहे. लहानपणी प्रौढ बिजवराशी लग्न, भटकंतीचा संसार, कीर्तनाला जाते म्हणून नवऱ्याचा मार. हे सगळे त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगांत लिहून ठेवले. त्यांचे ‘वाचन’ मुख्यतः कानांनी झालेले होते. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून त्यांच्यापर्यंत तुकोबांचे अभंग पोचले. त्या शब्दांनी मार थांबला नाही. पण मार खाणाऱ्या बाईला आपले आयुष्य सांगण्यासारखे आहे असे वाटू लागले आणि तिने ते सांगितले.

तुरुंग ही धार्मिक वाचनाची आणखी एक मोठी जागा. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. तिथे असतानाच, १९१२ मध्ये, त्यांना पत्नीच्या निधनाची बातमी मिळाली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ऐकणाऱ्यांत नुसते पुढारी नव्हते, साधे सत्याग्रही कैदीही होते. शिक्षा किती उरली हे कैद्याच्या हातात नसते. पुढच्या रविवारी तिसरा किंवा चौथा अध्याय आहे, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. कोंडलेल्या माणसाला अशा क्रमाचा मोठा आधार होतो.

या यादीत १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवसही येतो. नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज वर्षावासाच्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या विहाराविहारांत त्याचे सामूहिक वाचन होते. इथली जखम एकट्यादुकट्याची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथांच्याच आधाराने केलेल्या अपमानाची होती. म्हणून आधीचे ग्रंथ नाकारणे आणि नवा ग्रंथ हाती घेणे, हे दोन्ही मिळून उपचार ठरले. धार्मिक वाचन बरे करते असे म्हणताना काही वाचनानेच दुखणे दिलेले असते, हेही या उदाहरणाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

शरीराचे काम

आता वैद्यकाकडे. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक लिहिले. एखादा शब्द किंवा प्रार्थना शांतपणे पुन्हा पुन्हा म्हटली, मध्ये येणाऱ्या विचारांशी झटापट केली नाही, तर श्वास आणि नाडी मंदावते, स्नायू सैल पडतात, असे त्यांचे सांगणे. कोणता शब्द आहे, याला त्यांच्या लेखी फार महत्त्व नव्हते.

इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा एक छोटा प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी रोझरीची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाब यांच्यातला मेळ सुधारला. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. कॅथलिक जपमाळ आणि तिबेटी मंत्र फुप्फुसांना एकाच लयीत आणत असतील, तर सावकाश म्हटलेला हरिपाठ किंवा ओवीही त्यापासून फार दूर नसावी. पोथी मोठ्याने वाचण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. मुक्याने डोळे फिरवले तर श्वासाला लय लागत नाही.

पण एवढ्यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. श्वास मंदावला की घालमेल कमी होते, झोप लागायला मदत होते. त्याने गाठ विरघळत नाही आणि साखरही आपोआप उतरत नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बौद्ध ध्यानावर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट वेदना आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी. वेदना नाहीशी करण्याचा दावा त्यात नव्हता. वेदनेशी असलेले नाते बदलायचे, एवढाच हेतू होता.

दुःखाला शब्द

श्वासाचे काम कोणताही मंत्र करील. पण ग्रंथाला आशय असतो, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे.

गीतेची सुरुवात एका खचलेल्या माणसापासून होते. हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळून पडते. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनाचा विषाद असे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशात ज्ञानेश्वरांनी हा संवाद मराठीत आणला तेव्हा त्यांनी श्रीकृष्णाला हुकूम सोडणारा देव न ठेवता शिष्याच्या कलाने घेणारा गुरू केले. अर्जुन शंका काढतो, तेच तेच पुन्हा विचारतो, गोंधळतो आणि कोणी त्याला दटावून गप्प करत नाही. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली भारतीय गुरुशिष्य नात्यात मानसोपचाराचा नमुना सापडू शकतो, अशी मांडणी केली, ती याच वळणाने जाणारी. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आणि आपला वेदान्त व संतविचार यांची सांगड घातली आहे. एलिस स्वतः नास्तिक होते, हे इथे ध्यानात घेण्यासारखे. ‘हे असेच व्हायला हवे होते’ हा हट्ट सोडला की दुःख सोसण्याजोगे होते, या मुद्द्यावर नास्तिक मानसशास्त्रज्ञ आणि संत एकत्र येऊ शकतात.

ग्रंथ दुःखाला शब्द देतो, पण कोणते शब्द देतो यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात धर्माचा आधार घेण्याचे दोन प्रकार दाखवले. देव सोबत आहे, या भोगण्यातून काही अर्थ निघेल, माझी माणसे माझ्यासाठी प्रार्थना करताहेत, हा एक. देव मला शिक्षा देतो आहे, त्याने मला टाकले आहे, हा दुसरा. २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारच्या भावनेत अडकलेल्या रुग्णांत, आजाराची तीव्रता वगैरे बाबी हिशेबात धरूनही, मृत्यूचा धोका अधिक आढळला.

आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराला फार शब्द आहेत: पूर्वजन्मीचे पाप, प्रारब्धाचे भोग, कुलदैवताचा कोप, पितृदोष. स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बाईला ‘तुझ्याच कर्माचे फळ’ असे सांगणारा नातेवाईक धर्माच्या नावाने तिचे दुखणे वाढवत असतो. गंमत अशी, की वारकरी परंपरेने याला चोख उतारा ठेवला होता. नामदेव देवावर रुसतात, जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालतात, तुकोबा त्याच्याशी उभे भांडण मांडतात. भांडणात नाते शाबूत असते. ‘मी वाईट म्हणून मला हे झाले’ असे म्हणण्यापेक्षा ‘तू असा कसा रे?’ असे देवाला विचारणे मनाच्या आरोग्याला कितीतरी चांगले. संकटात कोणते वाचन द्यावे असा प्रश्न पडला, तर ज्यात तक्रारीला मुभा आहे ते द्यावे.

सोबतीचा वाटा

धर्म आणि आरोग्य या विषयावरचा सर्वांत ठळक पुरावा मात्र ग्रंथाचा नाही आणि श्रद्धेचाही नाही. तो एकत्र येण्याचा आहे. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्या स्त्रियांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी दिसले. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे, आणि त्या बहुतांशी गोऱ्या, ख्रिस्ती स्त्रिया होत्या. तरी मिळणारा आधार, कमी नैराश्य आणि कमी धूम्रपान यांतून या फरकाचा काही भाग उलगडतो, असे अभ्यासकांना दिसले.

गावचा अखंड हरिनाम सप्ताह या नजरेने पाहावा. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, मग प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर, शेवटी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. नुकतीच बायको गेलेला म्हातारा एरवी घराच्या कोपऱ्यात बसून राहिला असता. इथे पहाटे चारला त्याची पाळी असते आणि तो आला नाही तर कोणीतरी बोलवायला जाते. विदर्भात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर जो भर दिला, त्याचेही मर्म हेच.

बंगळुरूच्या संशोधकांनी तामिळनाडूतील मुथुस्वामी देवळात केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. गंभीर मानसिक आजार असलेली ३१ माणसे तिथे काही आठवडे नातेवाइकांसह राहिली. देवळात बरे करण्याचा कोणताही खास विधी नव्हता, औषधेही दिली जात नव्हती. रोजची साधी पूजा, झाडलोट, बागेला पाणी घालणे, एवढेच. लक्षणांची तीव्रता जवळपास २० टक्क्यांनी घटली. तुलनेला दुसरा गट नसल्याने यावरून पक्के अनुमान काढता येत नाही. पण मारझोड नाही, साखळ्या नाहीत, हिणवणे नाही, अशा जागी राहण्यानेही माणूस काही अंशी सुधारतो, हे यातून दिसले.

व्यसनमुक्तीचे उदाहरण तर आपल्या परिचयाचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा. कोक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांतील १०,५६५ जणांची माहिती तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या पद्धतीचे शिस्तबद्ध कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले, तिथेही सहरुग्णांच्या सोबतीला असेच मोल आहे. खेड्यापाड्यांत माळ घालून दारू सोडलेली माणसे कितीतरी भेटतात. तुळशीच्या माळेत औषधी गुण शोधण्याची गरज नाही. गळ्यात माळ असलेला माणूस गुत्त्यावर दिसला तर गाव विचारते, आणि वारीला निघाला तर दिंडी त्याला आपल्यात घेते.

जिथे बिघडते

पहिला बिघाड फलश्रुतीपासून सुरू होतो. अमुक अध्याय इतके दिवस वाचला तर अमुक रोग जातो, असे वाचून माणूस देवाशी करार करतो. करार फसला की दोष वाचणाऱ्यावर येतो: उच्चार चुकला असेल, सोवळे मोडले असेल, श्रद्धा कमी पडली असेल. बेन्सन यांनीच सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा मोठा प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना काही फायदा झाला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. खात्री नसलेल्या पण प्रार्थना लाभलेल्या गटात हे प्रमाण ५२ टक्के होते. अपेक्षेचेही ओझे होत असेल का, अशी शंका तेव्हा घेतली गेली.

दुसरा बिघाड शिस्तीचा. नेम आधार देतो. पण मंत्रचळाचा आजार असलेल्या माणसाला हाच नेम जाळ्यात ओढतो. एक ओवी चुकली म्हणून अध्याय पहिल्यापासून, हात पुन्हा धुवा, आसन पुन्हा झटका. घरच्यांना ही भक्ती वाटते आणि निदान लांबते. बायकांच्या वाट्याला याशिवाय वेगळी भीती येते. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, पाळीत पोथीला शिवू नये, या बंधनांमुळे गरज असते त्याच वेळी आधार हातातून काढून घेतला जातो.

तिसरा बिघाड पळवाटेचा. मन दुखावले असताना ‘सगळी माया आहे’ म्हणून राग, शोक, वासना झाकून टाकायच्या, याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८० च्या दशकात ‘आध्यात्मिक पळवाट’ अशा अर्थाचे नाव दिले होते. नवरा मारतो, तर बाईला सहनशीलतेची पोथी द्यायची, हा तिचाच सामाजिक अवतार.

चौथा बिघाड जिवावर बेततो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथील दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने रुग्णांना साखळ्यांनी बांधायला मनाई केली. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. हा कायदा पारायण, वारी किंवा प्रार्थनेला हात लावत नाही. अंगात आल्याचे भासवून मारहाण करणे, उपचारापासून रोखणे, फसवणे, हे तो गुन्हा ठरवतो. धार्मिक आधार आणि धार्मिक शोषण यांच्यामधली रेघ याहून स्पष्ट काढता येणार नाही.

दोन्ही एकत्र

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) देशात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत दर दहांतल्या सात किंवा त्याहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात देऊळ, दर्गा, चर्च, विहार हीच अनेकांची पहिली पायरी राहणार. त्या पायरीवर उभ्या असलेल्यांना हिणवून काही साधत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मानसोपचार आणि दुवा एकाच आवारात देण्याचा कार्यक्रम २००८ पासून चालला. मुजावर माणसाला डॉक्टरकडे पाठवतो आणि डॉक्टर त्याच्या श्रद्धेची चेष्टा करत नाही, अशी त्याची रचना.

उलट बाजूने धार्मिक संस्थांनाही आपली मर्यादा ओळखता येते. इगतपुरीच्या धम्मगिरीसह विपश्यना केंद्रांवर दहा दिवसांच्या शिबिरापूर्वी मानसिक आजाराचा इतिहास विचारला जातो, कारण दहा दिवसांचे मौन प्रत्येक मनाला झेपत नाही. पारायणाचे संयोजक, कीर्तनकार, पाळक, इमाम आणि भंते यांनीही एवढे विचारायला शिकावे: झोप येते का, जेवण जाते का, मरणाचे विचार येतात का, गोळ्या चालू आहेत का.

या साऱ्या आढाव्यातून वाचकाच्या हाती चार गोष्टी लागतात. पोथी सावकाश आणि मोठ्याने वाचावी, रोज थोडी वाचावी. शक्य तर कोणाबरोबर वाचावी, कारण फायद्याचा मोठा भाग सोबतीतून येतो. ज्या वाचनाने स्वतःबद्दल घृणा वाढते ते बाजूला ठेवावे, मग तो ग्रंथ कितीही पूज्य असो. आणि पारायणाचा संकल्प सोडताना गोळ्या सोडण्याचा संकल्प कधीही सोडू नये.

धार्मिक वाचन हा उपचाराचा पर्याय नाही. ते उपचारात टिकून राहण्याचे बळ देऊ शकते, आणि शोक, वार्धक्य, अपराधभाव, मरणाची भीती यांसारख्या ज्या दुखण्यांवर गोळी नाही, तिथे ते पुष्कळदा गोळीच्या पलीकडचे काम करते. त्याच्याकडून याहून अधिक मागणे हा ग्रंथावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. तुमच्या घरात कोणी पोथी उघडून बसले असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला झोप नसेल, अन्न जात नसेल, जगणे नकोसे झाले असेल, तर पोथी मिटण्याची वाट न पाहता १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.